व्हिजिटिंग कार्डावरची अक्षरं छापल्यावर वाचता येत नाहीत? दोष कुठे आहे ते असं शोधा

तक्रार जवळपास ठरलेली असते. स्क्रीनवर कार्ड देखणं दिसत होतं, छापून आलं तर पत्ता वाचायला डोळे बारीक करावे लागतात. मग पुढच्या छपाईला सगळा मजकूर एक पॉइंटने वाढवतात, कार्ड गच्च भरतं आणि तक्रार जिथल्या तिथे राहते. दोष नुसत्या पॉइंट साइजमध्ये क्वचितच असतो. कागदावर अक्षराची उंची प्रत्यक्षात किती आली, रेघ किती जाड आहे, दोन ओळींत अंतर किती आहे आणि शाई कशी पडली, यांतलं नेमकं काय बिघडलंय हे आधी बघायला हवं.

आधी भिंग लावा

छापलेलं कार्ड दहापट भिंगाखाली धरा. भिंग नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यात जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहा. काय दिसतं त्यावरून पुढची दिशा ठरते.

कडा स्वच्छ आहेत, काळा रंग भरीव आहे, तरीही वाचायला त्रास होतो: साइज, फॉन्ट किंवा ओळींतलं अंतर चुकलंय. अक्षराच्या एका बाजूला निळसर किंवा लालसर सावली दिसते: काळा रंग चार शाया मिसळून तयार झालाय. अक्षर ठिपक्याठिपक्यांचं दिसतं: मजकूर राखाडी किंवा फिक्या टिंटमध्ये आहे. कडांना पायऱ्या आहेत किंवा अक्षरांभोवती मळकट डाग आहेत: मजकूर चित्र म्हणून गेलाय. ‘ष’, ‘ध’, ‘भ’ यांच्या पोकळ्या भरून गेल्यात: फॉन्ट फार जाड आहे, कागद शाई पितो आहे किंवा शाई जास्त पडली आहे. शिरोरेघेत पांढऱ्या फटी आहेत: त्या छपाईत नव्हे, फाइलमध्येच आहेत.

एकच कार्ड पाहून थांबू नका. गठ्ठ्यातून वेगवेगळ्या ठिकाणची आठ-दहा कार्डं काढा. दोष सगळ्यांवर सारखाच असेल तर बहुधा तुमच्या फाइलचा आहे. काहींवर आहे, काहींवर नाही किंवा सावलीची बाजू बदलते आहे, तर मशीनवर रजिस्ट्रेशन, म्हणजे वेगवेगळ्या शायांच्या प्लेटांचा मेळ, हललंय आणि ते प्रेसला दाखवायचं.

पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे

१ पॉइंट म्हणजे ०.३५३ मिमी, म्हणून ८ पॉइंट म्हणजे २.८ मिमी. पण ही उंची अक्षराची नसते. ते ज्या अदृश्य चौकटीत बसवलेलं असतं त्या चौकटीची असते. चौकटीत अक्षर किती मोठं बसवायचं हे फॉन्ट करणारा ठरवतो. म्हणून दोन फॉन्ट ८ पॉइंटलाच घेतले तरी एक ठसठशीत दिसतो आणि दुसरा खुजा. देवनागरीत हा फरक जास्त जाणवतो, कारण वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा ठेवताना मधलं मूळ अक्षर लहान होत जातं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टची सवय असलेल्यांचा अंदाज तर हमखास चुकतो. त्या फॉन्टांत अक्षर लहान बसायचं, म्हणून आकडा मोठा टाकायची सवय लागलेली असते. तोच आकडा युनिकोड फॉन्टला दिला की मजकूर चौकटीबाहेर जातो. मग तो दाबून बसवला जातो.

यावर साधा उपाय म्हणजे मोजणं. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘क’ हे एकच अक्षर १०० पॉइंटला छापा आणि शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून दांड्याच्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. समजा २० मिमी आलं. मग ९ पॉइंटला तेच अक्षर १.८ मिमी आणि ७ पॉइंटला १.४ मिमी. पत्ता, फोन, ई-मेल अशा कामाच्या मजकुरासाठी देवनागरीत १.८ मिमीच्या खाली उतरू नये. १.६ मिमी निभावतं, पण गुळगुळीत कागदावर आणि निव्वळ काळ्या शाईतच. रोमन मजकूर असेल तर लहान ‘एक्स’ या अक्षराची उंची अशीच मोजा. ती १.४ मिमी असावी, १.२ हा तळ समजा.

हे आकडे हवेतून काढलेले नाहीत. कार्ड हातात धरून वाचताना अंतर साधारण ४० सेंमी असतं. निर्दोष नजरेला या अंतरावरून सुमारे ०.६ मिमी उंचीचं अक्षर जेमतेम ओळखता येतं. जेमतेम ओळखता येणं आणि सहज वाचता येणं यांत दुप्पट ते अडीचपट फरक पडतो, म्हणून रोमन १.२ ते १.४. देवनागरीत जोडाक्षरांमुळे तेवढ्याच उंचीत जास्त रेघा कोंबलेल्या असतात, म्हणून आणखी वर जावं लागतं. शिवाय चाळिशीनंतर जवळची नजर अधू होते आणि कार्ड घेणाऱ्यांत असे लोक भरपूर असतात. डिझाइन करणारा पंचविशीचा असेल तर त्याला ‘मला तर दिसतंय’ असं मनापासून वाटतं, आणि त्याला खरंच दिसत असतं.

द्विभाषिक कार्डावर दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट साइज देऊ नका. ‘क’ आणि रोमन मोठी-लहान अक्षरं शेजारीशेजारी ठेवून डोळ्याला सारखी वाटेपर्यंत देवनागरी वाढवा. बहुतेक वेळा देवनागरी रोमनपेक्षा एक ते दीड पॉइंट मोठी ठेवावी लागते.

जागेचा हिशेब आधी, फॉन्ट नंतर

अक्षर बारीक करण्याची वेळ का येते? कार्डावर मावेल त्यापेक्षा जास्त लिहिलेलं असतं म्हणून. ८५ × ५५ मिमीचं कार्ड घ्या. कटिंगमध्ये पान एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकतं, त्यामुळे मजकूर कडेपासून किमान ४, शक्यतो ५ मिमी आत हवा. उरली ७५ × ४५ मिमी जागा. ९ पॉइंट देवनागरीला १३ पॉइंट ओळअंतर दिलं तर एक ओळ ४.६ मिमी खाते. म्हणजे कार्ड काठोकाठ भरलं तरी नऊ ओळी. त्यात नाव मोठ्या अक्षरात, त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा, चिन्हासाठी एक कोपरा, हे वजा केलं की प्रत्यक्षात पाच ते सहा ओळी हातात राहतात.

तेवढ्यात बसत नसेल तर अक्षर कमी करू नका, मजकूर कमी करा. फॅक्स, तीन फोन नंबर, दोन ई-मेल, वेबसाइटच्या आधीचं ‘डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू’, सेवांची पंधरा नावांची यादी, यांतलं निम्मं कुणी वाचत नाही. दुसरी भाषा मागच्या बाजूला न्या. नुसता क्यूआर कोड टाकून सुटका होईल असं समजू नका. त्यात संपूर्ण संपर्कपत्र भरलं तर चौकोन इतके बारीक होतात की कोडचीच गत अक्षरांसारखी होते. छोटा दुवा द्या, कोड १५ मिमीपेक्षा लहान करू नका आणि त्याच्या चारही बाजूंना चार चौकोनांइतकी पांढरी जागा सोडा.

साइज तीनच पुरेत: नाव १२ ते १४ पॉइंट, संपर्क ९, पद त्याच ९ मध्ये पण वेगळ्या वजनाचं (म्हणजे रेघेच्या जाडीचं) किंवा अर्धा पॉइंट खाली. चौथी-पाचवी साइज आली की कार्ड विस्कटलेलं दिसतं.

देवनागरीचे खास घोळ

ओळअंतर. सॉफ्टवेअर आपणहून साइजच्या १२० टक्के ओळअंतर देतं. ते रोमनला चालतं. देवनागरीत वरच्या ओळीतल्या ‘मूर्ती’चा उकार आणि खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’चा रफार एकाखाली एक आले की भिडतात, आणि बारीक अक्षरात ते टेकलेले दिसले की उकार कुठला आणि रफार कुठला हेच कळेनासं होतं. १४० ते १५० टक्के द्या. ९ पॉइंटला १३, ८.५ ला १२. अक्षर ९ चं ९.५ केलं आणि जागा वाचवायची म्हणून ओळअंतर आहे तेवढंच ठेवलं, तर वाचनीयता वाढण्याऐवजी कमी होते. आधी अंतर, मग साइज.

अक्षरांतलं अंतर. रोमन मोठ्या अक्षरांना ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊन मोकळं करायची पद्धत आहे आणि ती तिथे बरी दिसते. तोच आकडा देवनागरीला लागला की शिरोरेघ तुटते. स्क्रीनवर लक्षातही न येणारी फट छापल्यावर पांढरा टाका होऊन दिसते. देवनागरीचं ट्रॅकिंग शून्य ठेवा. ओळ लांब होते म्हणून उणे ट्रॅकिंग दिलं तर काना शेजारच्या अक्षरात घुसतो. शब्दांमधलं अंतर थोडंफार बदललेलं चालेल.

आडवं दाबणं. ओळ बसत नाही म्हणून अक्षराची रुंदी ८५ टक्के केली की उभे दांडे बारीक होतात, शिरोरेघ मात्र जाड राहते. अक्षर वरून जड आणि खालून अशक्त दिसतं. अरुंद अक्षर हवंच असेल तर मुळात अरुंद काढलेला फॉन्ट घ्या. नकली ठळकपणाचंही तेच. फॉन्टमध्ये ठळक वजन नसताना बटण दाबून ठळक केलं किंवा अक्षराला बाहेरून रेघ दिली की ‘ष’ आणि ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. हिंद, मुक्त, नोटो सान्स देवनागरी या कुटुंबांत खरी निरनिराळी वजनं मिळतात. संपर्काच्या ओळींना रेग्युलर किंवा मीडियम घ्या. लाइट वजन ९ पॉइंटला वापरायचं नाही, नाव मोठं असेल तर तिथे हौस भागवा.

तुटलेली अक्षरं. ‘कि’ची वेलांटी नंतर येते, ‘प्र’ ऐवजी ‘प्‌र’ दिसतं किंवा ‘दुसऱ्या’तला अर्धा ऱ सुटून पडतो, तर दोष फॉन्टचा असेलच असं नाही. इनडिझाइन, इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेद पॅनेलच्या मेनूत जाऊन ‘वर्ल्ड-रेडी’ किंवा ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये हा पर्याय दिसत नसेल तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात इंडिक पर्याय चालू करावे लागतात. एवढं करूनही ‘ऱ्या’ तुटत असेल तर फॉन्ट बदला. आणि ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे येत असतील तर तो मजकूर निवडून भाषा मराठी करा. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आहेत त्यात ती लगेच बदलतात. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ती मुळातच आहेत. मात्र त्याच्या बारीक रेघा लक्षात घेऊन तो नावासाठीच ठेवलेला बरा.

आकडे. एकाच कार्डावर फोन देवनागरीत आणि पिनकोड रोमनमध्ये असं करू नका. देवनागरी आकडे घेतले तर लहान साइजमध्ये ‘१’ आणि ‘९’, ‘५’ आणि ‘६’ छापून वेगळे दिसतात का ते पाहा. लांब नंबर तीन ते पाच आकड्यांच्या गटांत तोडा. सलग दहा आकडे वाचताना जीभ अडखळतेच. ई-मेलमध्ये रोमन लहान ‘एल’, मोठा ‘आय’ आणि एक हा आकडा एकसारखे दिसणारा फॉन्ट असेल तर तेवढ्या ओळीसाठी तो बाद करा, मग बाकी तो कितीही सुंदर असो.

काळा रंग काळा नसतो

छापून आलेली अक्षरं फुगीर किंवा धुरकट दिसतात याचं सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हे आहे. स्क्रीनच्या आरजीबी रंगात काम केलं आणि शेवटी सीएमवायके (सायन, मजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार शाया) केलं की काळ्याचं मिश्रण होतं. फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ते सायन ७५, मजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० असं येतं. म्हणजे प्रत्येक अक्षर चार प्लेटांवरून चार वेळा छापलं जातं. ९ पॉइंटच्या रेग्युलर अक्षराचा दांडा पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. प्लेट मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकणं ही मशीनवर अगदी सामान्य गोष्ट आहे, पण त्या दांड्याच्या मानाने ती जवळजवळ निम्मी जाडी झाली. सावली तिथून येते.

तपासायला अर्धं मिनिट लागतं. पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये उघडा, आउटपुट प्रिव्ह्यू लावा आणि फक्त काळी प्लेट बंद करा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर ठीक. मागे तपकिरी भूत उरलं तर मिश्र काळा आहे. इनडिझाइनमध्ये हेच सेपरेशन्स प्रिव्ह्यूमध्ये दिसतं. उपाय एकच: बारीक मजकूर सायन, मजेंटा, पिवळा शून्य आणि काळा १०० करा. मिश्र काळा फक्त मोठ्या काळ्या पार्श्वभूमीसाठी ठेवा.

राखाडी अक्षरांचं दुखणं वेगळं. ‘सौम्य’ दिसावं म्हणून काळा ६० टक्के केला की प्रेसवर राखाडी शाई नसते, काळ्या शाईचे ठिपके पडतात. १५० लाइन स्क्रीनला (इंचाला ठिपक्यांच्या १५० ओळी) दोन ठिपक्यांतलं अंतर ०.१७ मिमी. दांडा ०.२५ मिमीचा असेल तर त्याच्या जाडीत दीडच ठिपका बसतो, आणि कड गुळगुळीत येणं शक्यच नसतं. सौम्यपणा हवा असेल तर वजन बदला, काळा १०० ठेवा. नाहीतर राखाडीची स्वतंत्र स्पॉट शाई घ्या, तिच्यात ठिपके येत नाहीत. गडद लाल, हिरवा असे तीन-चार शायांचे रंग १२ पॉइंटच्या खाली वापरू नका.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर शाई कडेने आत पसरते आणि अक्षर सडपातळ होतं. साइज एक पॉइंटने आणि वजन एका पायरीने वाढवा. पार्श्वभूमी शक्यतो एक-दोन शायांची ठेवा. इथे एक हमखास घात होतो. आधी काळं असलेलं, ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच चढवून छापणं) लावलेलं अक्षर नंतर पांढरं केलं आणि ओव्हरप्रिंट तसंच राहिलं, तर स्क्रीनवर पांढरं दिसणारं अक्षर छापताना चक्क गायब होतं. पीडीएफमध्ये ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून पाहिल्याशिवाय असा गडदावरचा पांढरा (रिव्हर्स) मजकूर प्रेसला देऊ नका.

फाइल पाठवताना होणारी नासाडी

८५ × ५५ मिमीचं कार्ड ३०० डीपीआयला चित्र म्हणून साठवलं तर ते सुमारे १००४ × ६५० पिक्सेलचं होतं. त्यात ८ पॉइंटचं अक्षर चौकटीसकट ३३ पिक्सेल उंच, आणि दांडा जेमतेम तीन पिक्सेल. तीनातला एक पिक्सेल कडेला राखाडी झाला की अक्षर गेलं. वर जेपीईजीचे डाग असतातच. ती फाइल मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवली तर आणखी आकसते. मजकूर व्हेक्टर (पिक्सेलचा नव्हे, रेषांच्या आकृतींचा) राहील अशी पीडीएफ द्या, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पीडीएफ ८०० टक्के मोठी करून पाहा: अक्षराची कड धारदार राहिली तर व्हेक्टर, पायऱ्या दिसल्या तर चित्र.

प्रेसकडे तुमचा फॉन्ट नसेल तर मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृतींमध्ये, बदलून देतात. ते योग्यच आहे, पण देवनागरीत दोन अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. कोरलड्रॉमध्ये कर्व्ह केल्यावर ‘कंबाइन’ केलं की नेमकी तीच चढलेली जागा पोकळ होते आणि प्रत्येक जोडावर पांढरा ठिपका येतो. कंबाइन नको, ‘वेल्ड’ करा. कर्व्ह करण्याआधीची मूळ फाइल वेगळी ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी एक फोन नंबर बदलायला सगळं कार्ड पुन्हा टाइप करत बसावं लागेल.

कागद आणि सजावट

कोटिंग नसलेला कागद शाई शोषतो आणि अक्षर जाड होतं. तिथे रेग्युलर वजन पुरतं, मीडियम घेऊ नका. खरबरीत कागदावर डिजिटल मशीनचा टोनर खळग्यांत पोचत नाही, त्यामुळे बारीक रेघा मधेमधे तुटतात; तिथे उलट मीडियमच हवं. मॅट लॅमिनेशनने काळा थोडा उतरतो, म्हणून आधीच काठावर असलेला मजकूर त्याखाली आणखी फिका पडतो.

फॉइलसाठी सर्वांत बारीक रेघ ०.२५ मिमी आणि पोकळी ०.३ मिमी धरा. यापेक्षा लहान असेल तर पोकळीत फॉइल साचतं. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेपासून पुरेसा सुटा आहे का तेही इथेच पाहायचं. एम्बॉसमध्ये (अक्षर उठावदार करताना) कागद ताणला जातो, तिथे रेघ ०.५ मिमी हवी, म्हणजे फक्त नाव किंवा चिन्ह. स्पॉट यूव्ही (ठरावीक जागी चढवलेला चकचकीत थर) छापील अक्षरावर तंतोतंत बसत नाही, संपर्काच्या ओळींवर तो लावूच नका.

मंजुरी देण्यापूर्वी कार्ड साध्या प्रिंटरवर ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडून छापा. ‘फिट टू पेज’ चालू राहिलं तर सगळं मोजमाप फुकट जातं, म्हणून छापल्यावर कार्डाची रुंदी पट्टीने ८५ मिमी येते का ते आधी बघा. मग कापून, संध्याकाळच्या घरगुती उजेडात, चष्मा लागलेल्या माणसाच्या हातात द्या आणि ई-मेल मोठ्याने वाचायला सांगा. कुठे अडतो ते लिहून घ्या. या प्रिंटवर साइज आणि अंतर कळतं, शाई आणि कागद मात्र कळत नाहीत. त्यासाठी प्रेसकडून त्याच कागदावर, त्याच मशीनवर काढलेलं एक प्रूफ मागा आणि पुन्हा भिंग लावा.